दहिवराच्या मुलखात केलेली आळी

खालच्या रांगेतलं एकही रोप जमिनीत नव्हतं.

आडवी पडली नव्हती, कुणी उपटूनही टाकली नव्हती. सरळ उभी होती, फक्त मातीच्या वर. प्रत्येकाच्या बुडाखाली बर्फाच्या सुया, बोटभर उंच, दाभणासारख्या, एकीला एक चिकटून. त्या सुयांनी मुळांचा गड्डा खालून ढकलून बाहेर काढला होता. मी एकाला काठी लावली तर ते दुधाच्या दातासारखं हललं. दुसऱ्याला लावली, तेही हललं. तारांवर, गवतावर, माझ्या काठीवर पांढरं दहिवर. तीन दिवस धुकं बसलेलं होतं आणि आज उठलं होतं, म्हणून सगळं एकदम दिसलं.

माझ्या अंगात मुलाचं जुनं जाकीट, पायात सुनेचे गमबूट. मागून सून आली, केतकी, हातात चहाचा मग. तिने वरची रांग बघितली. वरची जशीच्या तशी होती. मग खालची बघितली. मग रोपांभोवतीची गोल आळी बघितली. प्रत्येक आळ्यात ताटलीएवढा बर्फ बसलेला.

"आई, ही आळी कुणी केली?"

त्या घरात मोठी माणसं आम्ही दोघीच. तरी तिने विचारलं.

"मी केली," म्हटलं.

ती ओरडली असती तर मीही चार शब्द ऐकवले असते आणि बरं वाटलं असतं. तिने चहाचा मग कुंपणाच्या खांबावर ठेवला, वाकून एक रोप परत खड्ड्यात बसवायला गेली. जमीन लोखंडासारखी झाली होती. रोप बसेना.

या रोपांवर तिची नोकरी होती आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

गावातल्या बायका विचारतात, न्यूझीलंडला पाच महिने काय केलंस, काय बघितलंस. माझं शिक्षण चौथी. पण दहिवडीच्या बाजूला सरकारी रोपवाटिकेत मी वीस वर्षं पिशव्या भरल्या आणि रोपं वाढवली, त्यामुळे झाडांबद्दल मला कुणी शिकवू नये असं मला वाटत होतं. तेच सांगते.

पोरिरुआ

माझा मुलगा प्रशांत वेलिंग्टनमध्ये कॉम्प्युटरचं काम करतो आणि तिथून वर पोरिरुआ नावाच्या गावात राहतो. आगगाडीने जातो-येतो. मी गेले ती दोन हजार सोळा सालच्या फेब्रुवारीत. तिकडे तेव्हा उन्हाळा. उन्हाळा म्हणायचं आणि स्वेटर घालायचा. वारा एवढा की दोरीवर वाळत घातलेलं लुगडं शेजाऱ्याच्या अंगणात. शेजारी ते घडी घालून आणून द्यायचा. तीनदा आणून दिलं, चौथ्यांदा त्याने बरोबर मोठे चिमटे आणले.

दुकानं संध्याकाळी पाचला बंद. रस्त्यावर माणूस नाही. ज्याला तिकडे डेअरी म्हणतात ते कोपऱ्यावरचं दुकान, आणि त्यात दूध सोडून बाकी सगळं आधी दिसतं. नात ईरा सात वर्षांची. मराठी सगळं समजतं, बोलायचं मात्र इंग्रजीत. मी विचारायचं, "जेवलीस का?" तिने म्हणायचं, "यप." एवढं नातीशी बोलणं.

एकच गोष्ट मला तिथे आवडली. घराघराला एका हिरव्या झुडपाचं कुंपण होतं. पानं जाड, गोल, तुपाचा हात फिरवल्यासारखी चकचकीत. त्याचं नाव ग्रिसेलिनिया. दहा वेळा म्हटलं तेव्हा जिभेवर बसलं. वाऱ्यात हलत नाही, पिवळं पडत नाही. मी मनात म्हटलं, झाड असावं तर असं.

केतकी पुण्याची. शेतकी शिकलेली, पदवी आहे. पण तिकडे सहा वर्षं ती एका मोठ्या दुकानात गाजरं आणि कोबी रचत होती. तक्रार करायची नाही, पण घरी आल्यावर हात धुताना नळ जोरात सोडायची. मार्चमध्ये तिला दक्षिणेकडच्या बेटावरून एका रोपवाटिकेचं बोलावणं आलं. अट अशी की तिकडचा वसंत, जो सप्टेंबरात सुरू होतो, तो येईपर्यंत काम बघणार, पटलं तर कायम. प्रशांतला वेलिंग्टन सोडता येत नव्हतं. पोरीला आईबरोबर जायचं होतं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

प्रशांत म्हणाला, "आई, तू गेलीस तरच केतकीला जमेल."

मी म्हटलं, मी तुझ्याकडे आलेय, आणि तू मला तिसरीकडे पाठवतोयस. तो म्हणाला, तिकडे फार सुंदर आहे. सुंदर आहे म्हणून मी कुठे जात नाही. पण गेले. बोटीवर पोट उलटलं, गाडीत पाय सुजले, ते सांगण्यासारखं नाही.

अलेक्झांड्राच्या अलीकडे

गाडी अलेक्झांड्रा गावाच्या अलीकडच्या शेवटच्या वळणावरून उतरली आणि मी बघतच राहिले. उघडे तपकिरी डोंगर. झाड नाही, पाणी नाही. माथ्यावर चपट्या दगडांच्या उभ्या चळती, जणू कुणी गोवऱ्यांचे हुडवे रचून ठेवलेत. खाली धूळ. मी म्हटलं, पोराने एवढे समुद्र ओलांडायला लावून मला परत आमच्या दुष्काळी माण तालुक्यात आणून सोडलं.

केतकी हसत सुटली. तिने सांगितलं की या सबंध देशात सगळ्यात कमी पाऊस इथे. उन्हाळ्यात अंग भाजतं आणि हिवाळ्यात नळ गोठतात. नळ गोठतात हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. कोरडं म्हटलं की मला कळलं, असं मला वाटलं.

डोंगरावर सगळीकडे एक बुटकं, राखाडी गवतासारखं झुडूप पसरलं होतं. पायाखाली आलं की ओव्याचा वास. अगदी ओवा. त्याला तिकडे थाइम म्हणतात, कुणी तरी पूर्वी परदेशातून आणलं आणि ते रानभर झालं. मी ओंजळभर तोडून भज्यात घातलं. ईराने सात भजी खाल्ली आणि "हीप्स" मागितली. म्हणजे आणखी पुष्कळ. हा शब्द मला तिच्याकडून कळला.

राहायला एका शेतकऱ्याची जुनी खोली होती, त्याच्याच शेतात. त्याचं नाव रॉस. सत्तरीचा माणूस, थंडीत अर्धी चड्डी घालून हिंडायचा, गुडघे लाल. बोलणं कमी. पहिल्या आठवड्यात दारात मेंढीची अख्खी मांडी ठेवून गेला, दार वाजवलं नाही की काही नाही. मी काळ्या मसाल्यात रस्सा केला आणि वाटीभर पाठवला. भाकरी नव्हती, ज्वारीचं पीठ पोरिरुआहून आणलं होतं ते संपत आलेलं, म्हणून त्यांचाच पाव दिला बरोबर. दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन घेऊन तो दारात उभा. डोळे अजून लाल होते. केतकीला विचारत होता, उरलंय का.

त्या घरात एक लोखंडी शेगडी होती, लाकडाची. केतकी तिला कागद कोंबून, फुंकून, अर्धा तास धूर करायची. मी दोन काड्यांत पेटवली. या एका कामात तिकडे माझा मान होता.

रोपवाटिका

रोपवाटिकेच्या मालकिणीचं नाव ग्लेनिस. साठीची, हात पुरुषी, नखांत माती. तिने मला बघून मान हलवली आणि कामाला लागली. मला बरं वाटलं. गोड हसून हालहवाल विचारणारी माणसं मला लवकर थकवतात.

काम असं होतं. रॉसच्या मेंढ्या वसंतात वितात आणि त्याच सुमारास दक्षिणेकडून बर्फाचा वारा येतो. ओली कोकरं त्या वाऱ्यात मरतात. पूर्वी त्याच्या रानाला उंच झाडांचा आडोसा होता, तो वठला म्हणून कापला. आता झुडपांच्या दोन रांगा लावायच्या होत्या. ग्लेनिसने हे काम सगळंच्या सगळं केतकीवर सोडलं. काय लावायचं, किती, कुठे, तिनेच ठरवायचं. केतकीने कागदावर काहीतरी दाखवायला घेतलं तर ग्लेनिस म्हणाली की ती कागद बघत नाही. हिवाळा संपला की ती रानात येऊन उभी असलेली रोपं मोजेल, आणि मग नोकरीचं बोलेल.

केतकी मला एका वाफ्यापाशी घेऊन गेली. तिथे रांगेने कुंड्या, आणि कुंड्यांत राखाडी तारांची भेंडोळी. वाकड्या काड्या, एकमेकींत अडकलेल्या, पानं असली तर तांदळाएवढी.

"हे मेलंय," मी म्हटलं.

"नाही आई, हे कोरोकिया. हे असंच दिसतं."

"मग ते?"

"ते पण जिवंत आहे."

पुढच्या वाफ्यात आणखी एक भेंडोळं, त्याच्या पुढे आणखी एक. सगळी जिवंत आणि सगळी मेलेली. लोक ही पैसे देऊन नेतात. आमच्याकडे असली काडी आम्ही चुलीत घालतो.

केतकीने समजावलं. काड्यांची जाळी असली की वारा आत शिरत नाही, आतली पानं वाचतात, थंडीही बाहेरच्या काड्यांवर अडते. पान लहान म्हणजे पाणी कमी लागतं. ही झुडपं इथलीच आहेत, शेकडो पिढ्या इथे काढल्यात. तिने कुंपणाबाहेर उगवलेलं एक काटेरी झाड दाखवलं, मटागौरी, आणि सांगितलं की हे आपल्या बोरीच्या कुळातलं. मी काटा बोटाला लावून बघितला. बोरीचाच काटा. त्या सबंध मुलखात ते एक झाड मला ओळखीचं निघालं, आणि तेच कुणी विकत नव्हतं.

मी म्हटलं, बरं, पण कोकरांना आडोसा हवाय ना? हे कधी वाढायचं? ती म्हणाली, हळूहळू. मी म्हटलं, ते पोरिरुआचं हिरवं लाव. दाट, उंच, झटपट. ती म्हणाली की ते समुद्रकाठी छान वाढतं, इथल्या कडाक्यात लहान असताना टिकत नाही.

"मी वीस वर्षं रोपं वाढवली," मी म्हटलं. "तू पुस्तकात वाचलीस."

हे बोलायला नको होतं, पण बोलले. आणि तेवढ्यावर थांबले नाही. दोन दिवस तिच्याबरोबर जेवले नाही. ती कामावरून यायची तेव्हा मी आधीच जेवून पाठ करून बसलेली. ईरा आईला विचारायची, आजी मॅड, म्हणजे रागावलेली, आहे का. तिसऱ्या दिवशी केतकीने यादी माझ्यासमोर ठेवली. सत्तर रोपं राखाडी, आणि फाटकाजवळ वीस हिरवी.

"बघा, घातली तुमची," ती म्हणाली. मी जेवायला बसले.

ग्लेनिसने रोपं गाडीत भरताना विचारलं होतं म्हणे, ही वीस कशाला. केतकीने सांगितलं, फाटकाजवळ शोभेला. सासू रुसली म्हणून, असं तिला सांगता आलं नाही. तिकडे त्याला शब्द आहे की नाही कोण जाणे.

रान

एप्रिलच्या शेवटी रोपं लावली. रॉसने यंत्राने खड्डे पाडले, केतकीने रोपं बसवली, मी एकेक हातात दिलं. ईरा मोजत होती. दोन रांगा, वरची पस्तीस, खालची पस्तीस, आणि फाटकाशी वीस हिरवी. माती सपाट दाबली, वर लोकरीचा चौकोनी तुकडा अंथरला, एकदा पाणी घातलं, झालं. म्हणे झालं.

आळं कुणी केलं नाही.

ज्यांनी आमच्याकडचं रान बघितलेलं नाही त्यांना सांगते. आमच्याकडे रोप लावलं की त्याच्याभोवती मातीचा गोल बांध घालतात, आत पाणी साठायला. डोक्यावरून आणलेलं तांब्याभर पाणी वाहून जाऊ नये म्हणून. आळं न करता रोप लावणारी बाई आमच्या रोपवाटिकेत दुसऱ्या दिवशी कामावर दिसली नसती. मी स्वतः दोघींना हाकललंय.

केतकी म्हणाली, "आई, आता त्यांना पाणी घालायचं नाही हं. थंडी येतेय."

मी हूं म्हटलं.

मग मे महिना. ती सकाळी रोपवाटिकेत, पोर शाळेत, मी घरात. लख्ख ऊन, निळं आभाळ, पाऊस नाही. खिडकीतून ती रोपं दिसायची, सपाट मातीत उभी, कोरडी. दिवसातून वीसदा दिसायची. बोलायला कुणी नाही. प्रशांतला फोन केला तर तो मीटिंगमध्ये. एक आठवडा मी धीर धरला. मग रॉसच्या छपरातून कुदळ घेतली.

चार दिवस लागले. लोकरीचे तुकडे काढून कुंपणावर टाकले. वीसच्या वीस हिरव्यांना आळी केली, मग खालच्या रांगेतल्या पस्तिसांना. चांगली केली, वीतभर रुंद, बांध दाबून पक्का. रॉस चार चाकांच्या गाडीवरून जाताना हात करायचा, मीही करायचे. त्याला वाटलं असेल केतकीने सांगितलंय. वरची रांग करायची राहिली कारण पाचव्या दिवशी कंबर धरली. रोज दुपार कलली की नळी लावून आळी काठोकाठ भरायचे. ऊन उतरल्यावर पाणी द्यावं, हे आमचं शास्त्र.

लपवलं नाही. सांगितलंही नाही. केतकी घरी यायची तोवर अंधार झालेला असायचा, तिकडे हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो. सुटीच्या दिवशी ती रोपवाटिकेतच असायची, नवीन माणसाने सुटी काय घ्यायची. एकदा तिने कुंपणावरची लोकर बघून विचारलं, वाऱ्याने उडाली का. मी हूं म्हटलं. हे खोटं होतं.

मग धुकं आलं. हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. तीन दिवस ते दरीत बसून राहिलं, ऊन नाही, दुपारीसुद्धा बर्फ विरघळला नाही. चौथ्या सकाळी काय दिसलं ते वर लिहिलंय.

ग्लेनिससमोर

शेगडीपाशी बसून केतकी म्हणाली की ती ग्लेनिसला सांगणार, लावताना तिचंच चुकलं.

"तुझं कसं? मी केलं."

"आई, ते सांगून काय होणार? ती म्हणेल, हिला सासू आवरत नाही, ही रोपं काय आवरणार."

"मला आवरायला तू कोण?" म्हटलं, आणि लुगड्यावर जाकीट चढवलं.

ईराला शाळेत सोडून आम्ही गेलो. ग्लेनिस छपरात चहा पीत बसली होती, मांडीवर रोपांचा ट्रे. मी मराठीत सांगायचं आणि केतकीने इंग्रजीत सांगायचं, असं ठरलं होतं. मी सांगितलं की आळी मी केली, पाणी मी घातलं, सुनेने नको म्हटलं होतं तरी घातलं. केतकीने इंग्रजीत काहीतरी सांगितलं. बोलताना तिने माझ्याकडे एकदाही हात केला नाही, आपल्याच छातीला दोनदा बोट लावलं. मला तेवढं कळतं.

मी तिला बाजूला केलं. ग्लेनिसच्या पुढ्यात उभी राहिले, माझ्या छातीवर थाप मारली, वाकले आणि कुदळ चालवून दाखवली. मग जमिनीवर बोटाने गोल काढला. मग नळी धरून पाणी घातलं. मग केतकीकडे बोट करून जोरात मान हलवली, नाही, नाही. मग पुन्हा माझ्या छातीवर थाप. कंबरेतून कळ निघाली ती वेगळी.

ग्लेनिसने ट्रे खाली ठेवला. तिने केतकीकरवी विचारलं, हे असं तुमच्याकडे करतात का.

"करतात म्हणजे? त्याच्याशिवाय एक काडी जगत नाही."

तिने माझे हात बघितले. मग बोलली, आणि केतकीने या वेळी नीट सांगितलं. इथे उन्हाळ्यात पाणी नसतं म्हणून रोपं मरतात आणि हिवाळ्यात असतं म्हणून मरतात. ओल्या मातीतला बर्फ फुगतो आणि रोपाला वर ढकलतो. आळं म्हणजे बर्फाचं भांडं. ग्लेनिसच्या बापाने पहिल्या वर्षी हेच केलं होतं, जर्दाळूंना.

मला वाटलं संपलं. पण ती केतकीकडे वळली. आता ती जे बोलली त्याचं केतकीने लगेच मराठी केलं नाही. तिचे कान लाल झाले. मी दटावलं तेव्हा सांगितलं.

"म्हणतेय, आळी या बाईची चूक. हिरवी रोपं तुझी चूक. तुला माहीत होतं आणि तरी तू यादीत लिहिलीस. नाही म्हणणं हे तुझं काम होतं."

मी पुन्हा माझ्या छातीवर थाप मारायला हात उचलला. ग्लेनिसने हात धरून खाली केला. जोरात नाही, पण धरला. आणि ती बरोबर होती, म्हणून मला तिचा फार राग आला.

नोकरीचं तिने काढलं नाही. हिवाळ्यानंतर मोजणार होती ते मोजणारच.

दुपारी बर्फ सुटल्यावर आम्ही रानात गेलो. आळी फोडून सपाट केली. एकेक रोप परत बसवायचं, टाचेने दाबायचं, लोकर अंथरायची, पाण्याचा थेंब नाही. काहींची मुळं सकाळच्या हवेत काळी पडली होती. दोन दिवस गेले. रॉसने न विचारता चपटे दगड गाडीत भरून आणले आणि रोपांच्या बुडाशी ठेवले. त्याने एकदा माझ्याकडे बघून कुदळीची नक्कल केली आणि खो खो हसला. हसू दे. मांडी आणून देणारा माणूस होता.

केतकी माझ्याशी बोलत होती, पण मोजकं. मीठ द्या, दार लावा. ते मला रास्त वाटलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, तुम्ही दोन दिवस माझ्याबरोबर जेवला नाहीत ना, तेव्हाच मी हरले. पुढच्या वेळी उपाशी राहिलात तरी मी यादीत काही घालणार नाही." मी म्हटलं, घालू नकोस. हे आमचं त्यावरचं सगळं बोलणं.

जून उजाडेपर्यंत हिरवी वीस काळी पडली, तेलात टाकून विसरलेल्या मिरचीसारखी. निदान ती मेली हे दिसलं तरी. राखाड्यांचं काय सांगावं? जी झुडपं जिवंत असताना मेल्यासारखी दिसतात ती मेली की नाही कसं ओळखायचं? मी रोज सकाळी कुंपणापाशी उभी राहून बघायचे आणि काही कळायचं नाही. हात लावायला केतकीने बंदी केली होती. नखाने साल खरवडून बघते म्हटलं तर म्हणाली, तेवढ्यानेही जखम होते, आता पुरे.

जुलैत व्हिसा संपला आणि मी परत आले. प्रशांतने विमानतळावर विचारलं, आई, कसं वाटलं. मी म्हटलं, थंड.

मोजणी

नोव्हेंबरात ग्लेनिस रॉसच्या रानात गेली. केतकी बरोबर होती. वरच्या टोकापासून सुरू करून ग्लेनिस प्रत्येक झुडपापाशी वाकली, आतली फांदी उघडून बघितली, मगच पुढे गेली. दोन तास लागले. मग म्हणाली की फाटकाजवळची जागा पुढच्या शरदात, म्हणजे तिकडच्या एप्रिलात, केतकीने पुन्हा लावावी, आणि यादी आधी तिला दाखवू नये. म्हणजे पुढच्या शरदात केतकी तिथे असणार, हे तिने असं सांगितलं. प्रशांत पोरिरुआतच आहे, महिन्यातून दोनदा जातो. ईरा आता तिकडच्या शाळेत.

संध्याकाळी केतकीचा फोन आला. तिने आकडे सांगितले आणि मी ते कॅलेंडरवर लिहून घेतले. वरच्या रांगेतली दोन सशांनी खाल्ली, तेहेतीस जगली. आळी केलेल्या खालच्या रांगेतली अकरा जगली. हिरवं एकही जगलं नाही.